अर्धवट आलेली अक्कलदाढ, सुजलेली हिरडी: आज काय करावं आणि कमी खर्चात कुठे काढून मिळेल?

चाकणकर_२४

वय २४. खालची डावी अक्कलदाढ अर्धीच वर आली आहे, तिच्या मागच्या अर्ध्या भागावर हिरडीची सालटी आहे. चार दिवस ठणका आहे, तो कानापर्यंत जातो. गिळताना त्या बाजूला दुखतं, तोंडाला घाण चव येते, गालावर बाहेरून थोडी सूज. तोंडात दोन बोटं कशीबशी उभी जातात. ताप ९९.४ फॅरनहाइट. वर्षाच्या सुरुवातीला हेच झालं होतं, मेडिकलमधून गोळ्या आणल्यावर बसलं.

जवळच्या दवाखान्यात एक्स-रे न काढता "ऑपरेशन करून काढावी लागेल, ९,००० रुपये" असं सांगितलं. हातात येणारा पगार १७ हजार आहे. घरून लवंग धरायला सांगतात, शेजारचे मशेरी दाबून धर म्हणतात.

विचारायचं एवढंच: आज ठणका कमी करायला नेमकं काय करू? ही दाढ काढायलाच लागते का? आणि पिंपरी-चिंचवड भागात कमी पैशांत नीट काम कुठे होतं?

---

मुखशल्य

तुम्ही जे लिहिलं आहे ते पेरिकोरोनायटिसचं अगदी नेहमीचं चित्र आहे. अर्धवट आलेली दाढ आणि तिच्यावरची हिरडी यांच्यामध्ये एक खिसा तयार होतो. त्यात अन्न अडकतं, ब्रश तिथे पोहोचत नाही, जंतू वाढतात आणि हिरडी सुजते. सुजलेली हिरडी उंच होते, मग वरची अक्कलदाढ प्रत्येक घासाला तिच्यावरच आपटते. त्यामुळे सूज आणखी वाढते. चावण्याचे स्नायू शेजारीच असल्यामुळे ते आखडतात आणि तोंड उघडेनासं होतं. कानात दुखणं हे मज्जातंतूंच्या वाटेने आलेलं दुखणं आहे, कानात थेंब घालू नका.

आधी धोक्याचं. यातलं एकही दिसलं तर दंतवैद्याची वेळ घेत बसू नका, रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा: जबड्याखाली किंवा हनुवटीखाली कडक सूज, जिभेखालचा भाग वर उचलला जाणं, लाळही गिळता न येणं, आवाज घोगरा होणं, श्वासाला त्रास, १०१च्या वर ताप आणि थंडी, किंवा तोंडात एक बोटही न जाणं. खालच्या अक्कलदाढेचा जंतुसंसर्ग जिभेखाली आणि घशाच्या बाजूला पसरू शकतो. तसं झालं तर काही तासांत श्वासमार्ग दाबला जातो. तुमची दोन बोटं जातात आणि ताप किरकोळ आहे, म्हणजे आज तिथवर गेलेलं नाही. पण रोज सकाळी बोटं घालून बघा. कमी होत गेली तर थांबू नका.

आता आजचं काम. गोळीपेक्षा जास्त फरक त्या खिशाच्या सफाईने पडतो. पेलाभर कोमट पाण्यात, म्हणजे २०० ते २५० मिली, अर्धा चहाचा चमचा मीठ. घोट घेऊन मान डावीकडे कलती करा, अर्धा मिनिट तिथेच धरा, मग जोर न लावता घुसळून टाका. अख्खा पेला संपवा. प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना, दिवसाला पाच-सहा वेळा. मेडिकलमधून ५ किंवा १० मिलीची सिरिंज आणा, सुई काढून फेकून द्या. तेच पाणी सालटीच्या कडेने हलक्या हाताने आत सोडा. सुरुवातीला अडकलेले कण आणि घाण चवीचं पाणी येईल, ते यायलाच हवं.

दुखतं म्हणून त्या बाजूचा ब्रश बहुतेक जण सोडतात आणि तिथेच दुखणं लांबतं. लहान डोक्याचा मऊ ब्रश, लहान मुलांचा चालेल, तोंड अर्धंच उघडून गालाच्या बाजूने आत न्या. थोडं रक्त आलं तरी थांबू नका.

बाहेरून गरम शेक देऊ नका. रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा.

दंतवैद्याकडे उद्याच जा, पण दाढ उद्याच निघेल अशी अपेक्षा ठेवू नका. सुजलेल्या, पू झालेल्या भागात भूल नीट चढत नाही आणि तोंडही पुरेसं उघडत नाही. बहुतेक सर्जन आधी तो खिसा औषधी पाण्याने धुऊन देतात, सूज उतरवतात आणि आठ-पंधरा दिवसांनी दाढ काढतात. जाल तेव्हा एक गोष्ट आवर्जून विचारा: वरची अक्कलदाढ या हिरडीवर आपटते आहे का? आपटत असेल तर तिची टोकं घासून किंवा ती काढून खूप लवकर आराम पडतो. वरची दाढ काढणं बहुधा साधं आणि स्वस्त काम असतं.

नुसती सालटी कापून घेण्याचा सल्ला मिळाला तर दाढ सरळ आहे का आणि तिला वर यायला जागा आहे का, हे एक्स-रेवर दाखवायला सांगा. जागा नसेल तर सालटी पुन्हा वाढते आणि पैसे दोनदा जातात.

---

औषधांच्या_काउंटरवरून

"दाढदुखीचं द्या" म्हटलं की मिळणाऱ्या पुडीत बहुधा तीन गोष्टी असतात: एक वेदनाशामक, एक अँटिबायोटिक, एक आम्लपित्ताची गोळी. त्यातली अँटिबायोटिक तशी घेऊ नका. ताप, पसरणारी सूज, गळ्यात गाठी, तोंड न उघडणं असं काही असेल तेव्हा डॉक्टर ती देतात. खिशात अडकलेलं अन्न ती काढत नाही. दोन दिवस घेऊन सोडली की थोडं बरं वाटतं आणि काही महिन्यांनी तेच दुखणं परत येतं. डॉक्टरांनी मेट्रोनिडॅझोल लिहिली तर ती चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस दारू बंद.

ठणक्यासाठी आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ आणि पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ, दोन्ही एकत्र, जेवल्यावर, आठ-आठ तासांनी. दोघांचं काम वेगळ्या वाटेने चालतं, म्हणून दाढेच्या दुखण्यावर ही जोडी एकट्या गोळीपेक्षा चांगली पडते. डॉक्टरांना न विचारता आयबुप्रोफेन दिवसाला १,२०० मिग्रॅच्या वर नको, आणि तीन दिवसांपलीकडे नको. ठणका वाढायची वाट बघून गोळी घेण्यापेक्षा पहिले दोन दिवस घड्याळ लावून घ्या, कमी गोळ्यांत भागतं.

चूक होते ती दुहेरी डोसात. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ आधीच असतं. त्यावर वेगळी आयबुप्रोफेन घेऊ नका. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, केटोरोलॅक हे सगळे आयबुप्रोफेनचेच भाऊबंद. यातलं एका वेळी एकच. पाण्यात विरघळणारी केटोरोलॅकची गोळी दाढेसाठी फार मागितली जाते. ती चिठ्ठीवरच घ्यायची आणि पाच दिवसांच्या पुढे कधीच नाही, कारण पोटात रक्तस्राव आणि मूत्रपिंडाला इजा होते.

जठराचा अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, वेदनाशामकाने वाढणारा दमा, गरोदरपण, रक्त पातळ करणारी गोळी चालू असणं, यात आयबुप्रोफेन नको, फक्त पॅरासिटामॉल. पावसाळ्यात अंग मोडून जोराचा ताप असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंतही फक्त पॅरासिटामॉल. दिवसभरात सगळं मिळून पॅरासिटामॉल ३ ग्रॅमच्या आत ठेवा.

क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक चुळेचं औषध) ०.२ टक्के: १० मिली, एक मिनिट, सकाळ-रात्र. पेस्टने दात घासल्यावर अर्धा तास जाऊ द्या, पेस्टमधला फेस करणारा घटक त्याचा जोर मारतो. दोन आठवड्यांच्या वर वापरलं की दात तपकिरी पडतात आणि चव बिघडते.

लवंगेचं तेल चालतं, पण पातळ न करता तेल थेट लावलं की हिरडी भाजते. एक थेंब लवंगतेल, आठ-दहा थेंब खोबरेल, कापसाच्या टोकाने दुखऱ्या जागी टेकवा, पाच मिनिटांनी चूळ भरा. अख्खी लवंग त्या खिशात कोंबून ठेवू नका, तुकडा आत अडकतो. अॅस्पिरिन कुटून हिरडीवर लावणं हा तर सरळ भाजण्याचा प्रकार. मशेरी आणि तंबाखूचं नाव काढू नका. त्याने जागा क्षणभर बधिर वाटते, पण हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरत नाही. दाढदुखीवर म्हणून लावलेली मशेरी पुढे जन्माची सवय होते. घरात दुसऱ्या कुणाला कुणी हा सल्ला दिला तरी त्यांना थांबवा.

वरची सगळी औषधं जनऔषधी केंद्रात बरीच स्वस्त पडतात. नावाने नाही, घटकाने मागा.

---

पिंपरी_मुक्कामी

सगळ्यात आधी पगारपत्रक काढून बघा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल आणि कंपनी ईएसआयखाली (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) येत असेल तर तो कापला जातो, कामगाराचा पाऊण टक्का आणि कंपनीचा सव्वातीन टक्के. कापला जात असेल तर दाताच्या उपचाराचे पैसे तुम्ही आधीच भरता आहात. कंपनीच्या एचआरकडून विमा क्रमांक आणि ई-पहचान कार्ड घ्या, आधारला जोडलेलं आहे ना ते बघा. आधी तुमच्या नावावर लागलेल्या ईएसआय दवाखान्यात जायचं, तिथून चिठ्ठी घेऊन चिंचवडला मोहननगरच्या रुग्णालयात. चिठ्ठीशिवाय थेट गेलात तर परत पाठवतात, फक्त तातडीच्या वेळी नाही.

ईएसआय नसेल तर दुसरी वाट. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. चाकणचं ग्रामीण रुग्णालय आणि औंधचं जिल्हा रुग्णालय त्यात येतात. खिसा धुणं, औषधं, साधी दाढ काढणं एवढं तालुक्याच्या पातळीवर होऊ शकतं. हाड कापून काढायची आडवी दाढ असेल तर जिल्हा रुग्णालय किंवा दंत महाविद्यालय. महापालिकेचं वायसीएम रुग्णालय वेगळं, तिथे पालिकेचे दर लागतात, तेही परवडणारे आहेत.

पुण्यात शासकीय दंत महाविद्यालय नाही, पण खासगी महाविद्यालयांच्या रुग्णालयांत दर कमी असतात. संत तुकारामनगरला डी. वाय. पाटील, धनकवडीला भारती विद्यापीठ, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला. काढायच्या दाढेचे दोन दर असतात: साधी आणि हाडातली. फोनवर "दाढ काढायचे किती" विचाराल तर साधीचा दर सांगतील. "इम्पॅक्शन किती", म्हणजे हाडात अडकलेलीचे किती, असं विचारा. त्यात ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे), टाके काढणं आणि औषधं धरली आहेत का, तेही.

आतली रीत अशी: सकाळी खिडकी उघडायच्या आधी रांगेत, केस पेपर, मग ओरल मेडिसिन विभागात तपासणी, तिथून एक्स-रे, मग तो घेऊन ओरल सर्जरी विभागात. तिथे तारीख मिळते. रक्त आणि साखर तपासायला सांगतात. पहिल्या दिवशी सकाळ पूर्ण जाते, त्यामुळे अर्धी रजा पुरत नाही. "विद्यार्थी करणार" म्हणून घाबरू नका. साध्या दाढा इंटर्न काढतात, हाडातल्या दाढा एमडीएस (दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) करणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काढतात आणि त्यांचा हात याच कामावर रोज चालतो. वेळ मात्र खासगीपेक्षा जास्त लागतो.

९,००० बद्दल: लहान क्लिनिक अशा कामासाठी बाहेरून सर्जन बोलावतं, त्याची फी त्यात असते. रक्कम गैर आहे असं नाही, पण एक्स-रे न बघता आकडा सांगणं मला पटत नाही. दाढ सरळ, कललेली की आडवी यावरच काम किती ते ठरतं.

---

चाकणकर_२४

सर्वांचे आभार. ईएसआय कापला जातो, मोहननगरपर्यंत पोहोचलो. खिसा धुऊन दिला, सूज उतरली, आता तीन बोटं जातात. ओपीजीत दाढ पुढच्या दाढेकडे कललेली आहे. मुळं नसेच्या नळीजवळ आहेत म्हणून सीबीसीटी (त्रिमितीय एक्स-रे) काढावा लागेल असं म्हणाले. आता दुखत नाही. मग काढावीच का? आणि ओठ बधिर होतो म्हणतात ते कितपत खरं?

---

मुखशल्य

न दुखणारी, आजार नसलेली प्रत्येक अक्कलदाढ काढत सुटू नये. इंग्लंडमध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शन ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २००० साली हेच सांगितलं, आणि पेरिकोरोनायटिसचा पहिला झटका फार तीव्र नसेल तर थांबा, दुसऱ्या झटक्यानंतर काढणं योग्य, असंही त्यांच्या मार्गदर्शनात आहे. तुमचा हा दुसरा झटका. माझं मत काढावी असंच आहे, आणि कारण फक्त हिरडी नाही.

पुढे कललेल्या दाढेचा माथा पुढच्या दाढेच्या मागच्या भिंतीला टेकतो. त्या फटीत अन्न साचतं आणि चांगली दाढ मुळाजवळ किडते. ती कीड तोंडात आरसा घालूनही लवकर दिसत नाही. कळते तेव्हा त्या दाढेला रूट कॅनाल आणि कॅप लागते, कधी दोन्ही दाढा जातात. तुमच्या ओपीजीत पुढच्या दाढेच्या मागच्या कडेला काळी खळी आहे का ते डॉक्टरांना दाखवायला सांगा. वयाचाही भाग आहे. चोविशीत हाड लवचीक असतं. पस्तिशी-चाळिशीनंतर तीच दाढ काढायला जास्त हाड कापावं लागतं आणि भरायला वेळ लागतो.

नसेबद्दल. खालच्या जबड्यातून जाणारी ही नस ओठ आणि हनुवटीची संवेदना देते, हालचाल नाही. त्यामुळे तोंड वाकडं होण्याची भीती मनातून काढा. बधिरपणा आला तर बहुतेकांचा काही आठवड्यांत ते महिन्यांत जातो. कायमचा राहण्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी आहे, पण मुळं नळीला चिकटून असतील तर ते वाढतं. ओपीजीत तीन खुणा बघतात: मुळावर नळी ओलांडते तिथे मूळ काळसर दिसणं, नळीची पांढरी रेघ तुटणं, नळी अचानक वळणं. यातली एखादी असेल तर सीबीसीटी मागणं बरोबर आहे, तो खर्च टाळू नका. नुसती "जवळ" असेल आणि खुणा नसतील तर तो का हवा हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. नळीला अगदीच बिलगलेली असेल तर फक्त माथा कापून मुळं आतच ठेवण्याची पद्धत आहे, कोरोनेक्टॉमी. ती तुमच्याकडे बसते का, विचारा.

काढताना हिरडीला छेद, गरजेपुरतं हाड घासणं, दाढेचे दोन-तीन तुकडे करून एकेक बाहेर काढणं आणि टाके असा क्रम असतो. कललेल्या दाढेला अर्धा ते एक तास. भुलेनंतर दुखत नाही, दाब आणि आवाज जाणवतो. टोचलं तर हात वर करा, भूल वाढवतात. उपाशी जाऊ नका, तासभर आधी नीट जेवून जा. आधीची औषधं, मधुमेह, कशाची अॅलर्जी, सगळं लिहून न्या. रक्त पातळ करणारी गोळी कुणी घेत असेल तर ती स्वतःहून बंद करू नये.

वाचणाऱ्या इतरांसाठी एक महत्त्वाचं: गुटखा, सुपारी, मावा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू, न दुखता कमी उघडायला लागलं आणि तिखट झोंबायला लागलं तर ती अक्कलदाढ समजू नका. तो सबम्यूकस फायब्रोसिस असू शकतो, कर्करोगाच्या आधीची अवस्था. त्याची तपासणी त्याच महिन्यात करून घ्या.

---

वॉर्डातली_ताई

दाढ निघाल्यावर पहिले चोवीस तास सगळ्यात मोलाचे. खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी जागेवर राहिली तर जखम आपोआप भरते.

कापसाची घडी तास-पाऊण तास घट्ट चावून ठेवायची, बोलायचं नाही, सारखी काढून बघायची नाही. त्या दिवशी थुंकायचं नाही, चूळ नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. लाळ गिळायची. लाळेत गुलाबी रंग दुसऱ्या दिवसापर्यंत असतो. तोंड रक्ताने भरत असेल तर स्वच्छ गॉज ओला करून, पिळून, पुन्हा अर्धा तास दाबायचा. तरीही थांबलं नाही तर रुग्णालय. भूल उतरायच्या आधी वेदनाशामक घ्या. भूल असेपर्यंत ओठ-गाल चावला जातो, म्हणून चावून खायचं काही नको.

पहिल्या दिवशी गार दही-भात, नाचणीची गार पेज, ताक, आइस्क्रीम. दुसऱ्या दिवसापासून मऊ खिचडी, वरण-भात, उपमा. आठवडाभर तीळ, शेंगदाण्याचं कूट, मुरमुरे, भाकरीचा कडक पापुद्रा नको, बारीक कण खड्ड्यात बसतात. दुसऱ्या दिवशीपासून मिठाच्या कोमट पाण्याने हलक्या चुळा, जेवल्यावर प्रत्येक वेळी. झोपताना दोन उशा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते आणि मग उतरते. घरचे तिसऱ्या दिवशीच घाबरतात. चौथ्या दिवसानंतर वाढत असेल तर मात्र दाखवा. टाके साधारण सातव्या दिवशी.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसात बरं वाटत असताना अचानक जोराचा, कानाकडे जाणारा ठणका आणि घाण वास आला तर गुठळी निसटून हाड उघडं पडलं आहे, ड्राय सॉकेट. गोळ्यांनी तो आवरत नाही. जिथे दाढ काढली तिथेच जा, धुऊन लवंगतेलाच्या घटकाचं ड्रेसिंग भरतात आणि बराच आराम त्याच दिवशी पडतो. बिडी-सिगारेट, तंबाखू, मशेरीने हा धोका खूप वाढतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्यानेही वाढतो, म्हणून ते डॉक्टरांना आधी सांगा.

---

नागपूर_मेडिकल_चौक

बाकी ठिकाणच्यांसाठी लिहून ठेवतो. शासकीय दंत महाविद्यालयं मुंबईत सेंट जॉर्जच्या आवारात (सीएसएमटीच्या बाजूला), नागपुरात मेडिकल कॉलेजच्या परिसरात आणि छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयाजवळ. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत रुग्णालय. गोव्यात बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय. ही वैद्यकीय शिक्षण विभागाची किंवा पालिकेची असल्यामुळे सगळंच मोफत नाही, थोडी फी लागते. आधार आणि रेशनकार्ड सोबत ठेवा, पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर सवलत आहे का ते केस पेपरच्या खिडकीवरच विचारा. आत विभागात गेल्यावर ते बदलून घेणं कटकटीचं होतं.

---

पिंपरी_मुक्कामी

चाकणकर, रजेचं बघून ठेवा. हाडातली दाढ काढल्यावर दोन-तीन दिवस विश्रांती सांगतात. ईएसआयच्या डॉक्टरांकडून त्याच दिवशी आजारपणाचा दाखला घ्या, नंतर मागची तारीख मिळत नाही. आजारपणाचा लाभ पगाराच्या ७० टक्के मिळतो, त्यासाठी आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. पण पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत, त्यामुळे तीन दिवसांच्या रजेत हाती एकाच दिवसाचे पैसे येतील. कंपनीची पगारी रजा शिल्लक असेल तर आधी ती लावा. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवसाची तारीख मागून बघा, नाही म्हणत नाहीत.